बर्फातली नेल

मैत्रिणींनो, थंडीत पहाटे गार पाण्यात हात घालायचा म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. अशा वेळी हटकून आठवते ती नेल शिपमन. कॅनडात १८९२ साली जन्मलेली. उत्तरेकडच्या गोठलेल्या लेसर स्लेव्ह सरोवरावर १९१९ मध्ये 'बॅक टू गॉड्स कंट्री' हा मूकपट चित्रित झाला. पटकथा तिची, नायिकाही तीच. थंडी अशी, की नायकाला न्यूमोनिया झाला आणि तो बिचारा दगावला. दुसरा नट आणून काम पुरं केलं. सिनेमा धो-धो चालला!

पुढे तिनं स्वतःची कंपनी काढली. अस्वलं, लांडगे पाळले आणि आयडाहोतल्या प्रीस्ट सरोवराकाठी बिऱ्हाड थाटलं. पण पैसा फिरेना, मुक्या जिवांच्या खाण्याचीही पंचाईत. १९२५ पर्यंत सारं बुडालं. जनावरं सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात गेली.

हरली म्हणायची का? मला नाही तसं वाटत. तिनं आपली हकिगत स्वतः लिहून ठेवली. ती १९७० साली गेली, पुस्तक निघालं १९८७ मध्ये. म्हणून तर तिची गोष्ट तिच्याच शब्दांत वाचायला मिळते.

तेव्हा, हिशेबाच्या वहीची शेवटची चार पानं स्वतःसाठी राखून ठेवा बरं का!