स्वाक्षरीच्या रांगेतील मोठी माणसे

मुलांसाठी काढून ठेवलेला खाऊ मोठ्यांनी खाऊ नये, हा नियम कोणत्याही घरात भिंतीवर लिहून ठेवावा लागत नाही. परंतु बेसबॉलचे माहेरघर जी अमेरिका, तेथील क्रीडांगणांवर हाच नियम पाट्या लावून आणि पहारेकरी उभे करूनही पाळला जात नाही, असे दिसते. तेथील पुष्कळ संघ हंगामातील काही दिवस, विशेषतः रविवार, मुलांसाठी राखून ठेवतात. तेरा-चौदा वर्षांच्या आतील मुलांनी रांगेत उभे राहावे, खेळाडूने कठड्यापाशी येऊन त्यांच्या चेंडूवर किंवा टोपीवर स्वाक्षरी करावी, सामना संपल्यावर मुलांनी प्रत्यक्ष मैदानात उतरून चारही बेसभोवती एकदा धावून यावे, असा या दिवसांचा थाट असतो. कल्पना सुंदर आहे. तिजविषयी आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे आहे ते त्या रांगेत, मुलांच्या डोक्यांवरून हात लांबवून उभ्या असलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या सद्गृहस्थांविषयी.

या सद्गृहस्थांची ओळख वाचकांस करून दिली पाहिजे; कारण त्यांच्याविषयी लोकांचा असा समज असतो की, ते बिचारे खेळावर लुब्ध झालेले भाबडे जीव आहेत. भाबडेपणाच असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. यांच्या खांद्यास एक भलीमोठी पिशवी असते. तीत वेष्टनात जपलेले डझनभर कोरे चेंडू, नावांच्या अनुक्रमाने लावलेले खेळाडूंचे चित्रपत्ते, चेंडूसाठी निळ्या शाईचे बॉलपेन आणि पत्त्यांसाठी न पुसणाऱ्या शाईची जाड लेखणी, अशी सर्व सामग्री सिद्ध असते. चेंडूवर स्वाक्षरी कोठे हवी, हेही ठरलेले. शिवणीच्या दोन रेषा जेथे एकमेकींच्या अगदी जवळ येतात, त्या अरुंद जागी एकच स्वाक्षरी असली म्हणजे चेंडूस भाव अधिक येतो. मुलास याची गंधवार्ताही नसते. ते चेंडू पुढे करते, आणि खेळाडूचा हात जेथे पडेल तेथे नाव उमटते. 'तुझे नाव काय, बाळ?' असे खेळाडूने विचारले की मूल लाजत का होईना, पण हरखून आपले नाव सांगते. आमचे सद्गृहस्थ मात्र घाईघाईने म्हणतात, 'नाव नको, नुसती स्वाक्षरी पुरे.' कारण उघड आहे. ज्या चेंडूवर 'चिरंजीव अमुक यास' असे लिहिले गेले, तो तिसऱ्याच कोणास विकावयाचा झाल्यास त्याची किंमत उतरते. भक्ताने देवाजवळ प्रसाद मागावा आणि त्यावर आपले नाव मात्र नको म्हणावे, ही भक्ती कोणत्या पंथाची, हे आम्हांस ठाऊक नाही.

फेब्रुवारी-मार्चात हा देखावा सर्वांत चांगला पाहावयास मिळतो. त्या दिवसांत तीसही मोठे संघ सरावासाठी उबदार प्रदेशात जातात; पंधरा फ्लॉरिडात आणि पंधरा ॲरिझोनात. मैदाने लहान, खेळाडू निवांत. पुढे १६२ सामन्यांचा रेटा सुरू झाला म्हणजे जी सवड मिळत नाही, ती येथे मिळते. मुलांस जवळून खेळाडू दिसावा तो येथेच, आणि पिशव्यांची गर्दीही येथेच.

आता थोडा हिशेब करू. खेळाडूने अर्धा तास दिला आणि प्रत्येकास पंधरा सेकंद लागले, तर एकंदर १२० स्वाक्षऱ्या होतात. त्याहून एकही अधिक नाही. त्या रांगेत दहा सद्गृहस्थ शिरले आणि प्रत्येकाने चार-चार वस्तू पुढे केल्या, तर चाळीस मुले रिकाम्या हाताने परत जातात. ही चाळीस मुले शेवटचीच असतात, आणि शेवटची म्हणजे बहुधा सर्वांत लहान आणि धक्का न देणारी. मोठ्या माणसाची उंची, त्याचा लांब हात, त्याचा चढा आवाज, ही सारी त्याच्या बाजूची साधने आहेत. असल्या सामन्यास खिलाडूपणाचे नाव कोणी देऊ नये.

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. चित्रपत्त्यांचाच इतिहास पाहा. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले बेसबॉलचे पत्ते चघळण्याच्या गोंदाबरोबर पाच सेंटांस मिळत. (हीच कंपनी पुढे क्रिकेटचे पत्ते घेऊन आपल्याकडील मुलांच्या दप्तरांतही शिरली.) मुले ते पत्ते अदलाबदल करीत, खिशात चुरगाळीत, सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून त्यांचा फडफडाट ऐकत. त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेतील न खपलेले गठ्ठे कंपनीने पुढे १९६० च्या सुमारास चक्क समुद्रात बुडविले, असे सांगतात. मुलांची वस्तू मुलांनी घेतली नाही, तर तिचे मोल शून्य, इतका सरळ तो व्यवहार होता. त्याच मालिकेतील मिकी मँटल याचा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लक्ष डॉलरांस गेला. मधल्या काळात काय झाले? १९८४ मध्ये या पत्त्यांचे बाजारभाव छापणारे मासिक निघाले. १९९० मध्ये अपर डेक या कंपनीने रेजी जॅक्सनने स्वतः सही केलेले २,५०० पत्ते आपल्या पुड्यांत दडवून लॉटरीचा मोह उत्पन्न केला. आणि त्याच सुमारास टॉप्सने पुड्यांतील गोंद काढून टाकला. कारण त्याचा डाग पत्त्यास पडतो, अशी संग्राहकांची तक्रार होती! मुलाच्या तोंडातील गोड घास काढून घेतला गेला, तो मोठ्या माणसाच्या कागदास डाग पडू नये म्हणून. या प्रकरणातील सर्व मर्म आम्हांस त्या एका गोष्टीत दिसते.

पत्त्यांमागून स्वाक्षरीही त्याच वाटेने गेली. मागणी वाढली, आणि मागणीमागून लबाडी आली. १९९० नंतरच्या दशकात सॅन डिएगोचा प्रख्यात फलंदाज टोनी ग्विन यास आपल्याच नावाच्या खोट्या सह्या बाजारात विकल्या जात असल्याचे आढळले. पुढे एफ.बी.आय.ने खोट्या स्वाक्षऱ्यांचा एक मोठा कारखानाच उघडकीस आणला. त्या मालात मदर तेरेसा यांची सही असलेला बेसबॉलचा चेंडूही होता, हे वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. असा माल निघावा, यातच त्या बाजाराची योग्यता दिसते. या फजितीनंतर बेसबॉलच्या चालकांनी २००१ साली स्वतःची प्रमाणीकरणाची व्यवस्था उभारली. सही होताना नेमलेला साक्षीदार हजर राहतो आणि वस्तूवर चकाकता, क्रमांकित शिक्का चिकटवितो.

व्यवस्था चांगली आहे. परंतु ती कोणास हवी, याचा विचार वाचकांनी करावा. नऊ वर्षांच्या मुलीस शिक्क्याची गरज नसते. तिने स्वतः पाहिलेले असते. तो उंच माणूस वाकला, त्याच्या हातास चुन्याची भुकटी लागलेली होती, त्याने आपले नाव चुकीचे ऐकले आणि मग हसून पुन्हा विचारले, हे सारे तिच्यापाशी असते. साक्षीदार ती स्वतःच. तिच्या टोपीवरील शाई पावसात पुसून गेली तरी तिची भेट पुसली जात नाही. शिक्का हवा तो अशा मनुष्यास, जो तेथे नव्हता, किंवा होता पण ज्याला तेथे असण्याशी काही कर्तव्य नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो की, रांगेत पुढेमागे उभे असलेले मूल आणि सद्गृहस्थ एकच वस्तू मागत नसतात. एकास भेट हवी असते आणि भेटीची खूण म्हणून स्वाक्षरी; दुसऱ्यास स्वाक्षरी हवी असते आणि भेट ही तिच्या मार्गातील अडचण.

कोणी म्हणेल, मोठ्या माणसास मन नसते काय? बाळपणी ज्याच्यावर जीव ओवाळला, त्याची सही उतारवयात मिळावी, असे वाटण्यात पाप कोणते? मुळीच नाही. अशा मनुष्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. परंतु त्याच्यासाठी दुसरे दरवाजे उघडे आहेत. अमेरिकेत पैसे भरून स्वाक्षरी घेण्याचे मेळे नित्य भरतात. तेथे खेळाडू टेबलाशी बसतो, दर ठरलेला असतो, नाव लिहा किंवा लिहू नका, कोणी विचारीत नाही. तो व्यवहार आमच्या रुचीचा नसला, तरी तो उघड आहे. ज्याला खरोखर जुनी भक्ती आहे, त्याने तेथे जावे, किंवा सामन्याच्या इतर दिवशी सर्वांबरोबर उभे राहावे. मुलांच्या दिवशी फुकट मिळते म्हणून जो येतो, त्याने 'माझ्यातील मूल अजून जिवंत आहे' हे काव्य ऐकवू नये. त्याच्यातील मूल जिवंत असते, तर त्याने पुढच्या मुलास वाट दिली असती.

खेळाडूंसही आम्ही सर्वस्वी निर्दोष म्हणत नाही. स्वाक्षरीचा पैसा दिसू लागल्यावर त्यांतील कित्येकांचे पाय घसरले. ४,२५६ फटक्यांचा विक्रम करणारा पीट रोझ १९९० साली कर चुकविल्याबद्दल पाच महिने तुरुंगात गेला. त्याने लपविलेल्या प्राप्तीत स्वाक्षऱ्यांचे उत्पन्नही होते. ब्रुकलिनच्या गल्ल्यांतील पोरांचा लाडका ड्यूक स्नायडर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विली मकोवी, यांनीही १९९५ मध्ये असाच गुन्हा कबूल केला. परंतु आजच्या तरुण खेळाडूची अडचण निराळी आहे. सकाळी ज्या चेंडूवर त्याने प्रेमाने नाव लिहिले, तो संध्याकाळी विक्रीस मांडलेला दिसतो, आणि मग त्यास प्रत्येक पुढे आलेला हात संशयास्पद वाटू लागतो. काही खेळाडू मुद्दाम घेणाऱ्याचे नाव घालूनच सही देतात; हा तोडगा आम्हांस फार पसंत आहे. काही मात्र मान खाली घालून निघून जातात. तेव्हा दंड कोणास होतो? पिशवीवाल्यास नव्हे, तो उद्या दुसऱ्या फाटकाशी उभा राहील. दंड होतो तो त्या दिवशी प्रथमच आलेल्या मुलास.

याहूनही एक वाईट प्रकार आहे, आणि त्याविषयी सौम्य शब्द आम्हांस सापडत नाहीत. मोठ्यांस रांगेत मज्जाव झाला म्हणजे काही सद्गृहस्थ मुलांसच कामास लावतात. स्वतःच्या, शेजाऱ्याच्या, क्वचित तेथेच भेटलेल्या मुलाच्या हाती चेंडू देऊन 'येथे सही घे, नाव सांगू नकोस' असे पढवितात, आणि वर दोन-चार डॉलर हातावर ठेवतात. खेळाडू वाकतो, नाव विचारतो, आणि ते मूल पढविल्याप्रमाणे मान हलविते. ज्याच्यासाठी तो दिवस, त्याच्याच तोंडून हे वदवून घ्यावयाचे! चोरीचा माल बाळगणे निराळे, आणि मुलास त्या धंद्याची पहिली पायरी दाखविणे निराळे. चेंडू विकला जाईल आणि विसरला जाईल. परंतु थोर माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याला फसविता येते, आणि त्याबद्दल वडील मंडळी शाबासकी देतात, हे त्या मुलाने पाहिले ते पाहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेत असाच एक प्रसंग जगाने पाहिला. पोलंडचा कामिल मायखशाक याने सामना जिंकल्यावर कठड्यापाशी आपली टोपी एका मुलापुढे केली, आणि शेजारच्या प्रौढ गृहस्थाने ती मधल्यामध्ये घेतली. चित्रण घरोघर पोहोचले, त्या गृहस्थावर शिव्यांचा पाऊस पडला, त्याने क्षमा मागितली, आणि खेळाडूने त्या मुलास शोधून काढून दुसरी टोपी दिली. शेवट गोड झाला. परंतु लोकांचा तो संताप पाहून आम्हांस थोडे नवल वाटले. एका माणसाने एक टोपी घेतली तर एवढा गहजब, आणि पिशव्या घेऊन रोज रांगेत शिरणाऱ्यांवर कोणाचा कॅमेरा वळत नाही! कदाचित एकाला दगड मारणे सोपे असते, आणि रांग आवरावयाची तर कोणाला तरी फाटकाशी उभे राहावे लागते म्हणून असेल.

ते उभे राहणे संघांचे काम आहे. 'मुलांचा दिवस' अशी जाहिरात करावयाची, तिकिटे खपवावयाची आणि आत कोण शिरले ते पाहावयाचे नाही, हा खेळ त्यांनी थांबवावा. वयाची मर्यादा फाटकाशी तपासावी. पालक मुलाबरोबर चालू शकतो, पण त्याच्या हातात वस्तू नसावी. दर मुलास एक वस्तू, आणि तिच्यावर त्या मुलाचे नाव घातल्याखेरीज सही नाही. यात खर्च फारसा नाही. हे करीत नसतील, तर पिशवीवालाही तिकीट घेऊनच येतो, एवढेच त्याचे कारण आम्हांस दिसते.

आमचे पुष्कळ वाचक आज न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात मुलाबाळांसह राहतात, आणि त्यांची मुले क्रिकेटइतक्याच आवडीने हा खेळ पाहतात. त्यांना आमची विनंती एवढीच की, मुलांच्या दिवशी मुलास घेऊन जावे, त्याला पुढे सोडावे, आणि आपण दोन पावले मागे राहावे. रांगेत कोणी अनोळखी गृहस्थ हसत हसत येऊन मुलाच्या हाती स्वतःचा कोरा चेंडू ठेवू लागला, तर तो तेथल्या तेथे, मुलाच्या देखत, परत करावा.