नुसत्या सूत्राने काय होते?

पदार्थाचे रासायनिक सूत्र कळले की पदार्थ कळला, अशी समजूत आमची पाठ्यपुस्तके मुलांच्या डोक्यात घट्ट बसवतात. ही समजूत खोटी आहे. नुसती खोटीच नव्हे, अन्यायाचीही आहे.

लक्ष्मीपूजनाचा बत्तासा घ्या आणि शेजारची खडीसाखर घ्या. साखर दोहोंत तीच! पण एकीचा पाक दोऱ्याभोवती दिवस दिवस निवांत ठेवला, दुसऱ्याचा फेस आणून झटपट पाडला. म्हणून एक दाताला दाद देत नाही आणि दुसरा जिभेवर विरतो.

टँटलम डायसल्फाइड या थरांवर थर रचलेल्या पदार्थाचे तसेच आहे. क्वार्ट्‌झच्या बंद नळीत, आयोडीनच्या वाफेच्या मदतीने, सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्याचे स्फटिक वाढवतात. नळी एकदम पाण्यात बुडवली, तर मिळणारे स्फटिक उणे ९३ अंशांच्या आसपास विजेची वाट अडवू लागतात. तीच नळी सावकाश निवू दिली, तर स्फटिक धातूसारखी वीज वाहतात. निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या आत आले की त्यांचा विरोधच संपतो. टँटलमभोवतीच्या सहा गंधक-अणूंची मांडणी काय ती बदलली. सूत्र एक, वागणे उलटे!

मग भट्टी सांभाळणाऱ्याला मान का नाही? ग्रॅफाइटचा एकेरी थर चिकटपट्टीने सोलल्याची गोष्ट जो तो रंगवून सांगतो. त्या ग्राफीनबद्दल आंद्रे गाईम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांना २०१० साली नोबेल मिळाले, ते योग्यच. परंतु सिलिकाच्या खडबडीत पाटावर ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ठेचकाळत होते. त्याच वर्षी त्याच्याखाली बोरॉन नायट्राइडच्या सपाट स्फटिकाचा पाट आला, तेव्हा ते मोकळे धावू लागले. असे निर्मळ स्फटिक जपानात त्सुकुबा येथे ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे यांनी वाढवले, हवेच्या ४०,००० पट दाबाखाली, १५०० अंशांहून अधिक उष्णतेत, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवले. ही दोन नावे कोणत्याही शाळकरी मुलाला विचारून पाहा!

‘ती कारागिरी, हे शास्त्र,’ असे विद्वान म्हणतील. मी विचारतो, स्फटिकच गढूळ असेल तर तुमचे यंत्र मोजणार काय? पदार्थाचा गुण की आतला मळ? हातांना बुद्धीपेक्षा हलके लेखण्याची आमची खोड फार जुनी आहे. तिला शास्त्राचे नाव देऊन पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधू नका. पुस्तकात सूत्र छापा, पण त्याच्याशेजारी भट्टीची हकीगतही छापा, भट्टीवाल्याच्या नावासकट.