‘साहेब, ही गाडी जाणार नाही’

पुढे काय होणार, असे आमच्या वर्गात कोणी विचारले की उत्तर ठरलेले असते: एनडीए, मग कमिशन, मग खांद्यावर तारे. मीही त्याच रांगेत उभा आहे. पण ज्या माणसाच्या भरवशावर आमच्या गाड्या उद्या घाट चढणार आहेत, त्याच्या नोकरीबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नसते, हे मला खटकते.

हा माणूस म्हणजे ईएमईच्या वर्कशॉपमधला जेसीओ. ब्रिटन-अमेरिकेच्या सैन्यात अशी जबाबदारी वॉरंट ऑफिसरकडे असते. आपल्याकडे ईएमईची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ रोजी झाली. ‘कर्म ही धर्म’ हे तिचे ब्रीद. इथला जवान २०२२ पर्यंत ‘क्राफ्ट्समन’ म्हणून सुरुवात करत असे. सिकंदराबाद किंवा भोपाळच्या केंद्रात तयार होतो, मग नाईक, हवालदार अशा पायऱ्या चढत नायब सुभेदार होतो. पुढे सुभेदार, आणि मोजकेच सुभेदार मेजर. आमच्यातला एखादा बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन युनिटमध्ये जाईल, तेव्हा सुभेदार साहेबांची नोकरीच जवळजवळ तेवढ्या वर्षांची झालेली असेल.

त्या वर्षांत त्यांनी काय पाहिलेले असते? राजस्थानात वाळूने एअर फिल्टर चोंदतो. लडाखच्या थंडीत साधे डिझेल गोठू लागते, बॅटरी दमते, इंजिन ऑइल घट्ट होते. ही माहिती पुस्तकात मिळते. पण नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणे हातांनी काम केल्याशिवाय येत नाही.

मला मात्र त्यांचे सर्वांत अवघड काम वेगळेच वाटते. आम्हाला पहिल्या दिवसापासून ‘येस सर’ शिकवतात, आणि ते योग्यच आहे. सुभेदार साहेबांना मात्र कधी कधी वरिष्ठांसमोर सावधान उभे राहून सांगावे लागते, ‘साहेब, ही गाडी जाणार नाही.’ ब्रेक धरत नसतील आणि मागे जवान बसणार असतील, तर गप्प राहणे ही शिस्त नव्हे. हुकूम मोडणे वेगळे आणि हुकूम देणाऱ्याला वेळेवर खरे सांगणे वेगळे.

कोणी म्हणेल, शेवटचा निर्णय कमांडरचाच असतो. मान्य. युद्धात नादुरुस्त गाडीही न्यावी लागेल. पण तेव्हा आपण कोणता धोका पत्करतो आहोत, हे कमांडरला माहीत असले पाहिजे. ते सांगणारा माणूस हवा आणि ऐकणारा अधिकारीही हवा.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेत व्याख्यानाला मोठे अधिकारी येतात, तसे वर्षातून एकदा ईएमईच्या निवृत्त सुभेदार साहेबांनाही बोलवावे, आणि सभागृहाऐवजी एमटी शेडमध्ये, उघड्या बॉनेटसमोर त्यांचा तास घ्यावा. आमच्यातल्या एखाद्याला कदाचित तोच मार्ग आवडेल. पालकांनी त्याला कमी लेखू नये. बाकीचे अधिकारी झालो, तर अनुभवी माणसाचे ‘नाही’ ऐकून घ्यायला तरी शिकलेले असू.