तुळजापूरला लाखोंची रीघ, तेरच्या चैत्याला कोण जातं?



जपानच्या नारा शहराजवळचं होर्यु-जी विहार आमच्या तरुणांना मोबाइलवर पाठ आहे. सातव्या शतकातली लाकडी वास्तू जपाननं जपली, त्याचं कौतुक आम्हीही करतो. पण सवाल साधा आहे : तुळजापूरहून धाराशिवमार्गे तेरला जाऊन तिथलं त्रिविक्रम मंदिर तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं?

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीनं त्याचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं. याच गावात ही विटांची वास्तू उभी आहे. मागची बाजू अर्धवर्तुळाकार, छत हत्तीच्या पाठीसारखं, दर्शनी भागावर चैत्यकमान. कार्ले-भाजे पाहिलेल्याला हा आराखडा लगेच ओळखू येतो. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा मूळचा बौद्ध चैत्य असल्याचं मांडलं. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले. आज चैत्यात त्रिविक्रमाची मूर्ती आहे.

काही अभ्यासक म्हणतात, असा आराखडा ब्राह्मणी मंदिरांचाही असे. म्हणू द्या! वादाला आम्ही घाबरत नाही. पण मग दोन्ही बाजू लोकांसमोर ठेवा. ‘प्राचीन विष्णुमंदिर’ एवढंच सांगून विषय मिटवणं हा इतिहास नव्हे, ती लपवाछपवी आहे.

आपल्यातल्या घोषणाबाजांनाही दोन शब्द. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्ध असल्याचं सांगितलं, आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा मनोदयही बोलून दाखवला. दावा केला की तो सिद्ध करण्याची जबाबदारी घ्यायची, ही त्यांची रीत. व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड म्हणजे पुरावा नव्हे.

गोरोबाकाकांच्या गावातल्या कुणाच्या श्रद्धेशी आमचं भांडण नाही. मूर्ती हलवा, असंही आम्ही म्हणत नाही. आमची मागणी इतकीच : वास्तूच्या माहितीफलकावर चैत्याचा मुद्दा स्पष्ट लिहा, स्तूपाच्या उत्खननाची माहिती सोप्या मराठीत द्या, जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथे न्या.

आणि तरुणांनो, शासनाची वाट पाहत बसू नका. तेरला जा. गावातलं लामतुरे संग्रहालय बघा. चैत्याचा नकाशा काढा, फोटो घ्या, जुने अहवाल वाचा, आणि मग ठणकावून बोला. आपला इतिहास आपण वाचला नाही, तर दुसरे तो आपल्याला हवा तसा सांगतील.

जय भीम! नमो बुद्धाय!