हा पत्रा नव्हे, अक्रोडच!

अपन्हुती अलंकार शिकवताना ‘हे मुख नव्हे, चंद्रच’ हे उदाहरण मी इतकी वर्षे देत आलो आहे, की त्या चंद्राचीही आता झीज झाली असेल. यंदा मामांच्या मोटारीने मला नवे उदाहरण दिले.

मोटार १९४७ सालची शेव्हरोलेट. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. तिथे ही जुळवलेली. खिडक्यांच्या चौकटी पाहाव्यात तर अक्रोडाच्या आणि टिचकी मारावी तर पत्रा! मोटारींच्या सांगाड्यातले लाकूड जाऊन पोलाद आले. पण गिऱ्हाइकाच्या मनातले लाकूड काही जाईना. तेव्हा अमेरिकन कारखानदारांनी लाकडाच्या रेषाच शाईने पत्र्यावर उठवल्या!

इतक्या वर्षांच्या उन्हाने ते लाकूड उडून गेले. मामांनी एक म्हातारा पेंटर गाठला. एके काळी दारांवर सागवानी रेषा काढणारा. चौकटी सोडवल्यावर त्याने आधी त्यांच्या झाकलेल्या कडा पाहिल्या. तिथे ऊन पोचले नव्हते. बोटभर मूळ रंग शाबूत होता. आम्ही ज्याला मूळ पाठ म्हणतो तो हाच! मग त्याने जुना रंग खरवडला, अस्तर दिले, वर फिकट बदामी रंगाचा हात दिला. तो कडक वाळेपर्यंत कोणी शिवायचे नाही. त्यावर पातळ केलेला गडद तपकिरी रंग फासायचा आणि ओला असतानाच कोरडा ब्रश ओढायचा. रेघ बिघडली, तर लगेच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायची. खालचा थर पक्का असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. शेवटी वार्निशचे हात. चुका पुसण्याची एवढी सोय आम्हा मास्तरांना कुठली?

डावीकडच्या पुढच्या चौकटीवर एक जागा मात्र पार पत्र्यापर्यंत झिजलेली होती. तिथे मामींचे कोपर टेकलेले असे. मामींना जाऊन चार वर्षे झाली. पेंटरने ती चौकट हातात घेतली आणि माझ्यातला साहित्यिक जागा झाला.

“मामा, एवढी तरी राहू द्या. मामींची आठवण आहे ती.”

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “अरे, वीस वर्षं ती माझ्या मागे लागली होती, ‘एवढं रंगवून घ्या, साडीला गंज लागतो’ म्हणून. मी आपला ‘पुढच्या दिवाळीला’ म्हणत राहिलो. आता तरी तिचं ऐकू दे मला.”

मी गप्प बसलो.

धनत्रयोदशीला चौकटी बसल्या. खरे अक्रोडही लाजेल असे काम झाले आहे. संध्याकाळी पाहतो, तो मामा मोटारीत बसलेले. पण चाकामागे नव्हे, डावीकडे. कोपर चौकटीपासून दोन बोटे वर, अधांतरी धरलेले.

“वार्निश ओलं आहे का, मामा?” मी विचारले.

“नाही रे,” मामा म्हणाले, “वाळलं असावं.”

पण कोपर काही त्यांनी टेकवले नाही.