फुल्यांची योजना आणि मोठ्या आईचा अंगठा

दोस्तहो, आधी नावाचंच बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ही आली तेव्हा राजीव गांधींच्या नावाची 'जीवनदायी' होती, पहिल्यांदा आठच जिल्ह्यांत. आमच्या वर्ध्याला पोचली नोव्हेंबर २०१३ मध्ये. २०१७ साली सरकारनं जुनी पाटी खरवडली अन् त्यावर फुल्यांचं नाव रंगवलं. पाटी रंगवायला कितीसा खर्च येतो?

पण नाव घेतलंच आहे तर हिशेब होऊन जाऊ द्या. १८९७ सालचा प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोर तापानं फणफणलेलं. सावित्रीबाईंनी ते पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ यशवंताच्या दवाखान्यात नेलं. १० मार्चला त्या त्याच प्लेगानं गेल्या. त्या पोराकडे केशरी कार्ड होतं का? त्याच्या बापाचं नाव दोन कागदांवर एकसारखं लिहिलेलं होतं का? बाईंनी काय विचारलं असेल त्याला! पोर उचललं, चालू लागल्या. आता त्यांच्याच घराचं नाव लावून तुम्ही काचेआड बसता आणि पेशंटचा श्वास मोजायच्या आधी कार्ड मोजता.

मी रोहण्याचा. आर्वी तालुका, वर्धा जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर. आमच्या वस्तीतल्या बायका दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं कापूस वेचतात. पुलगाव–आर्वीची छोटी गाडी आमच्या गावावरून जायची, ती बंद पडून एक पिढी लोटली. आता एस. टी. किंवा काळीपिवळी. मोठा दवाखाना म्हणजे सेवाग्राम, नाहीतर सावंगी. म्हणजे दुखणं आलं की पहिल्यांदा मजुरी बुडते, मग भाड्याचे पैसे, मग डॉक्टर.

माझी मोठी आई, बापाच्या थोरल्या भावाची बायको, गेल्या वर्षी छातीत कळ आली म्हणून एका खाजगी दवाखान्यात नेली. नाव छापत नाही, असे दवाखाने ढिगानं आहेत. दारावर योजनेचा फलक, फलकावर फुल्यांचा फोटो. काउंटरवरचा म्हणाला, रेशनकार्डावर नुसतं नाव आहे अन् आधारवर नावापुढे 'बाई' लागलेली आहे, जुळत नाही. बरं, अंगठा लावा. अंगठा लावला. मशीन म्हणे, नाही. दुसरा लावला, नाही. चाळीस वर्षं पऱ्हाटी उपटली, निंदण केलं, भांडी घासली, त्या बोटांवर रेघ राहील कशी? आता बोला! जिच्या कष्टानं बोट झिजलं तिलाच मशीन सांगते, तू तू नाहीस.

मग पुढचं. 'आधी पंधरा हजार भरा, मंजुरी आली की परत मिळतील.' कॅशलेस योजना, दोस्तहो! योजनेतल्या उपचाराला पेशंटकडून एक पैसा घ्यायचा नाही असा नियम आहे. आम्ही दोन बकऱ्या विकल्या, बाकीची उचल शेतमालकाकडून घेतली. ती उचल अजून फिटतेच आहे, मोठी आई त्याच वावरात जाते. पावती मागितली तर म्हणाले, नंतर या. मंजुरी आली तेव्हा म्हणाले, ते तपासण्यांत खर्च झाले.

आमचे शहरातले काही विद्वान मित्र म्हणतात, लोक अडाणी आहेत, त्यांना फॉर्म भरता येत नाही, जनजागृती केली पाहिजे. काहून बाप्पा? आमची माणसं कार्डं काढून काढून म्हातारी झाली. १९९७ ची जीवनदायी. मग २००८ ला केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, तीस रुपये भरा, स्मार्टकार्ड घ्या, वर्षाला तीस हजारांचं संरक्षण. मग राजीव गांधी, दीड लाख. मग २०१८ ला आयुष्मान भारत, पाच लाख. २०२० ला राज्याची आणि केंद्राची योजना जोडली. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्यांना वेगळं 'वय वंदना' कार्ड. माणूस तोच, दुखणं तेच, प्लास्टिक दरवेळी नवं. याला अडाणीपणा म्हणायचा तर तो कुणाचा?

आयुष्मानची यादी कशी झाली तेही बघा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून. त्या पाहणीत खेड्यात तुमच्या घरी फ्रीज निघाला, दुचाकी निघाली, की तुम्ही गरिबांतून बाद. पोरानं पुण्यात हमाली करून आईला जुनाट फ्रीज आणून दिला, झाली आई श्रीमंत! त्यानंतर आलेल्या सुना, जन्मलेली पोरं, वेगळ्या झालेल्या चुली, कशाचाच त्या यादीत पत्ता नाही.

आता सरकार म्हणतं, वाद संपला. २०२३ च्या जुलैत शासन निर्णय निघाला, १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण, पांढरं कार्डसुद्धा चालेल. चांगली गोष्ट, मी नाही म्हणत नाही. ज्यांची बायपास झाली, डायलिसिस चालू आहे, त्यांना जाऊन विचारा; माझ्या ओळखीतली दोन माणसं या योजनेनं जिवंत आहेत. पण रांगेत आता बंगलेवालाही उभा आहे, आणि त्याचा अंगठा उमटतो. त्याचं नाव सगळीकडे सारखं आहे. त्याचा मेहुणा दवाखान्यात ओळखीचा आहे.

आणि पाच लाख कशाचे? भरती झालात, यादीतला आजार निघाला, मंजुरी आली, तर. मोठ्या आईला आठ वर्षांपासून बीपी आहे. गोळ्या कधी मिळायच्या, कधी 'स्टॉक नाही'. गोळीला या योजनेत पैसा नाही. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की आहे! म्हणजे दोन रुपयांची गोळी द्यायची नाही, माणूस आडवा पडू द्यायचा, आणि मग जनतेचा पैसा विमा कंपनीच्या हातून खाजगी दवाखान्याच्या गल्ल्यात. कुणाला विमा मिळाला यात?

इथं बाबासाहेबांची आठवण काढतो, हार घालायला नाही. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्यानं बी. पी. अडारकरांना कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखायला बसवलं, १९४४ ला अहवाल आला, १९४८ ला कायदा झाला. ईएसआय. त्यात कामगाराला नुसतं ऑपरेशन नाही, रोजच्या दुखण्याचं औषध आहे, आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीचा मोठा हिस्साही आहे. कारण तिथं विमा म्हणजे कामाचा हक्क आहे, दान नाही. मग वावरातली बाई कामगार नाही का? कापूस काय गिरणीत उगवतो? गिरणीच्या दारापर्यंत तो कायदा आला अन् कुंपणापाशी थांबला. शेतमजूर बाहेर. शेतमजूर कोण, कुठल्या वस्तीतले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि हे म्हणू नका की खेड्यात विमा जमत नाही. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं एके काळी गावकऱ्यांकडून हप्ता म्हणून ज्वारी घेतली. ज्वारी! सुगीत माणसाच्या घरात जे असतं ते. त्या योजनेची आरती मी ओवाळत नाही, ज्याच्या घरात ज्वारीच नाही त्याचा प्रश्न उरतोच. पण दवाखाना गावाकडे बघून हप्ता ठरवू शकतो, एवढं तर कळतं. आता गावानं सर्व्हरकडे बघून आपलं नाव ठरवायचं.

तर पोरांनो, भाषण पुरे. काचेआडच्या आरोग्यमित्राला शिव्या घालू नका, तोही कंत्राटी, आपल्यातलाच असतो. दवाखाना पैसे मागेल तर पावती मागा, नकार देईल तर 'लेखी द्या' म्हणा, आणि तिथंच उभं राहून १५५३८८ ला फोन लावा. लेखी म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो, मी पाहिलंय. आणि दुखणं यायच्या आधी रविवारी आपापल्या गावी जा. चावडीत नाही, वस्तीत बसा. रेशनकार्डात सुनेचं नाव आहे का, आधारशी जुळतं का, कुणाचा अंगठा उमटत नाही, घरोघर लिहून काढा. ज्यांचा उमटत नाही त्यांची यादी घेऊन आम्ही दिवाळीनंतर आर्वीला तहसीलदाराकडे जाणार आहोत. रोहण्यातूनच सत्तावीस नावं झालीत. तुमच्या गावची आणा.