जन्मठेपेची मुदत

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत, आणि त्यांच्या पालकांतही, सर्रास आढळतो. तो खरा नव्हे. जन्मठेप म्हणजे उरलेले सर्व आयुष्य, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच दिला आहे. ज्या गुन्ह्यास फाशीही देता येते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्यास चौदा वर्षांपूर्वी सोडू नये, एवढेच १९७८ च्या दुरुस्तीने ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही तेच कायम ठेवले. त्यानंतर सोडावयाचे की नाही, हे बव्हंशी सरकारच्या मर्जीवर.

आमचा आक्षेप या मर्जीस आहे, दयेस नव्हे. चंबळच्या या मुलुखाने दयेचा फार मोठा प्रयोग पाहिला आहे. १९६० साली विनोबांपुढे, आणि १९७२ च्या एप्रिलात मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाशांपुढे, डाकूंनी शस्त्रे खाली ठेविली. शिक्षा त्यांना चुकली नाही. मात्र फाशी होणार नाही असा शब्द आधी मिळाला होता, आणि पुढे त्यांतील कित्येकांना मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती करीत शिक्षा भोगता आली. ज्या मोहरसिंगाच्या नावाने गावे कापत, तो पुढे मेहगावचा नगराध्यक्ष झाला! शब्द आधी दिला आणि नंतर पाळला, यातच या प्रयोगाचे सारे बळ होते असे आम्हांस वाटते.

उलट, मर्जीचा कारभार २०२२ साली दिसला. २००२ च्या दंगलीतील हत्याकांडाबद्दल जन्मठेप भोगणारे अकरा कैदी गुजरात सरकारने सोडले. आप्त गमावलेल्या स्त्रीस कोणी विचारलेही नव्हते. खटला मुंबईत चालल्यामुळे हा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. दुसरीकडे, ज्याच्यामागे कोणी नाही असा कैदी अर्ज कोठे करावा हेही न कळून खितपत पडतो. कैद्याने अर्ज केला नसला तरी, धोरणानुसार तो पात्र होताच सरकारने आपण होऊन विचार करावा आणि नकाराची कारणे त्यास कळवावीत, असे त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बजाविले, हे उत्तम झाले.

पॅरोलविषयीही थोडे. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या गोव्यातील एका खटल्यात, पॅरोलचे दिवस चौदा वर्षांत धरू नयेत, असे २०२३ साली ठरले. हिशेब म्हणून ते ठीक. परंतु घरी जाऊन मुदतीत स्वतःच्या पायांनी परत आलेला कैदी आपल्याविषयी जी साक्ष देतो, ती तुरुंगाधिकाऱ्याच्या दाखल्याहून मोलाची आहे. सुटकेचा विचार करताना तिला कायद्यानेच वजन द्यावे. मृताच्या घरच्यांचे म्हणणे प्रत्येक वेळी ऐकून लिहून घ्यावे, आणि पहिला विचार कोणत्या वर्षी होईल, नकार मिळाल्यास दुसरा केव्हा, हे शिक्षेच्या हुकमातच नमूद असावे.